कुलाब्याहून कुलाब्यात

मुंबईच्या दक्षिण टोकाला एक कुलाबा आणि अलिबागेसमोर समुद्रात किल्ल्याच्या रूपाने उभा असलेला दुसरा कुलाबा, ही नावांची गंमत पूर्वापार चालत आलेली असल्यामुळे, विसाव्या शतकाच्या आरंभी वेधशाळेचा एक विभाग कुलाब्याहून उठून कुलाब्यातच आला असे म्हणण्यास हरकत नाही. कारण अलिबाग हे ज्या जिल्ह्याचे सदर ठाणे, त्या आजच्या रायगड जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबा हेच होते. मुंबईच्या कुलाब्यातील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिली आणि तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध १८४१ पासून सुरू झाले. पुढे शहरात घोड्यांच्या ट्रामी जाऊन विजेच्या ट्रामी येणार असे ठरले, तेव्हा विजेच्या त्या प्रवाहाने वेधांत भेसळ होणार हे ओळखून तत्कालीन संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबागचा किनारा मुक्रर केला. पोरबंदरी दगड लोहरहित आहे अशी खातरजमा करून इमारती बांधल्या गेल्या, आणि १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा कामाला लागली.

मूस यांचे खरे शहाणपण मात्र जागेच्या निवडीपेक्षाही पुढच्या दोन वर्षांत दिसते. नवी यंत्रे सुरू झाली म्हणून त्यांनी जुनी यंत्रे लगोलग बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी वेध समांतर चालू ठेवले, म्हणजे अलिबागेचा आकडा आणि मुंबईचा आकडा यांच्यात कायमचा फरक किती, याचा हिशेब दप्तरात पक्का बसला. हा हिशेब नसता तर साठ वर्षांची मुंबईची मालिका आणि अलिबागेची नवी मालिका एकमेकींना परक्या राहिल्या असत्या.

त्या काळच्या यंत्राची रचना जवळून पाहिली तर ही गोष्ट अधिक उमगते. अंधाऱ्या खोलीत एक लहानसा चुंबक धाग्याला टांगलेला असे. त्याला जोडलेल्या आरशावरून परतलेला दिव्याचा कवडसा सावकाश फिरणाऱ्या रुळावरच्या प्रकाशग्राही कागदावर पडे, आणि दिवसभराच्या चुंबकीय हालचालीची एक वळणदार रेषा व तिच्या सोबतीला स्थिर आरशाने उमटवलेली एक सरळ आधाररेषा, एवढेच त्या कागदावर असे. त्या दोन रेषांमधील एक मिलिमीटर म्हणजे चुंबकीय बळाचा किती अंश, आणि आधाररेषेचे स्वतःचे मूल्य काय, हे कागद सांगत नाही. ते स्वतंत्र मोजणीने काढून नोंदवहीत टिपावे लागते, आणि यंत्राला कोणी हात लावला, धागा बदलला, की पुन्हा नव्याने टिपावे लागते. नोंदवही हरवली तर उरते ती नुसती नक्षी.

अशी नोंद जपल्याचे फळ किती उशिरा हाती येते, याचा दाखला मुंबईच्याच दप्तरात आहे. १८५९ च्या सप्टेंबरात जे प्रचंड सौर वादळ झाले, त्या वेळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून टिपलेले आकडे दप्तरात जपून राहिले, आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लाखिना व अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये त्यांवरून पृथ्वीचे क्षैतिज चुंबकीय बळ सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळले होते असे दाखवून दिले. त्या संस्थेचे मुख्यालय आता नवीन पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे.

आजच्या नोंदणीयंत्रांच्या पोटात टांगलेल्या चुंबकाऐवजी बोटभर संगणक असतो, आणि तो तर आपल्या अवयवांविषयी त्याहून अजाण. स्मृती किती, कोणता संवेदक कोणत्या तारेवर, हे त्याला कोणीतरी लिहून द्यावे लागते. पूर्वी हा तपशील लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच, संगणकाच्या पाटीगणिक वेगळा, कोरून ठेवीत. अशा फायलींचे इतके रान माजले की २०११ च्या मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एआरएम प्रोसेसरांची शाखा सांभाळणाऱ्या मंडळींना जाहीर खडसावले. त्यावर जो उपाय निघाला तो नवा नव्हता. सन कंपनीच्या यंत्रांत रुजलेल्या आणि १९९४ साली ओपन फर्मवेअर या नावाने प्रमाणित झालेल्या पद्धतीतील डिव्हाइस ट्री, म्हणजे यंत्राच्या अवयवांचा कर्नलबाहेर लिहिलेला तपशील, पॉवरपीसी यंत्रांवर आधीच वापरात होता; तोच इकडे आणला.

ट्री म्हणजे झाड खरे, पण कोकणातल्या माणसाला तो सातबारा म्हटलेला लवकर कळेल: मूळ गट, त्याचे पोटहिस्से, प्रत्येकाचा पत्ता आणि वहिवाटदार. हा उतारा घेऊन जाणारा तलाठी म्हणजे बूटलोडर. वोल्फगांग डेंक यांच्या यू-बूटसारखा बूटलोडर विजेची कळ दाबताच जागा होतो, उतारा स्मृतीत मांडतो, स्मृतीचा आकार किंवा सुरुवातीच्या आज्ञा यांसारखे ऐनवेळचे तपशील त्यात भरतो, जरूर तर ओव्हरले नावाची फेरफार नोंद चढवतो आणि उताऱ्याचा पत्ता कर्नलच्या हाती देऊन निघून जातो.

आम्ही काही हौशी मंडळींनी अशाच संगणकावर चालणारे, भरतीची पातळी नोंदवणारे एक यंत्र अलिबागेच्या किनाऱ्यावर बसवले होते. ते पाण्यावर ध्वनी सोडून प्रतिध्वनीच्या वेळेवरून अंतर काढी, आणि ध्वनीचा वेग उष्म्याने बदलत असल्यामुळे सोबत एक तापमापक होता. भर दुपारी पाणी चार-पाच सेंटीमीटर जास्तच चढलेले दिसू लागले, तेव्हा आम्ही भरतीची कोष्टके चाळली, चंद्राला दोष दिला, वाऱ्यालाही दिला. तापमानाचा रकाना रिकामा आहे आणि यंत्र आपले पंचवीस अंश गृहीत धरून बसले आहे, हे पाहायला आठवडा गेला. कर्नलने जुजबी तक्रार टिपून पुढचा कारभार चालू ठेवला होता.

शेवटी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, कळ दाबून बूटलोडरला मध्येच थांबवले आणि तापमापक ज्या तारेवर होता तिच्यावर कोणकोणते पत्ते हजर आहेत अशी विचारणा केली. उत्तर आले ४९. आमच्या उताऱ्यात ४८ लिहिलेले होते. पाटीवर डाग देताना तापमापकाचा पत्ता ठरवणारा पाय जमिनीच्या तारेऐवजी विजेच्या तारेला जोडला गेला होता, आणि पत्ता एकाने सरकला होता. तिथल्या तिथे स्मृतीतला आकडा बदलून पाहिला, तापमान उमटले. पण असा तोंडी फेरफार वीज जाताच पुसला जातो, म्हणून घरी येऊन मूळ फायलीत ४९ केले, ती पुन्हा संकलित करून कार्डावर चढवली, आणि त्या ओळीच्या शेजारी टीप म्हणून तारीख व कारण लिहून ठेवले.