सुकाणू यंत्रणा, रेडिओ-नियंत्रित वाहनांची

सुकाणू यंत्रणा, रेडिओ-नियंत्रित वाहनांची : दूर उभ्या असलेल्या चालकाने रेडिओ तरंगांद्वारे दिलेल्या आज्ञेनुसार वाहनाची चाके इष्ट दिशेस वळविणारी व त्या स्थितीत रोखून धरणारी यंत्रणा. प्रेषक, ग्राही, सर्व्हो चलित्र आणि चलित्रापासून चाकापर्यंत पोहोचणारे दांडे व सांधे हे तिचे प्रमुख भाग होत. रॉक क्रॉलर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खडकाळ चढणीवर अतिमंद गतीने चढणाऱ्या छोट्या प्रतिकृती गाड्यांत या यंत्रणेची सर्वांत कठोर कसोटी लागते. मोटारगाडीच्या चालकाला रस्त्याचा विरोध सुकाणू चक्रातून हाताला जाणवतो व चाक अडकताच तो सावध होतो. रेडिओ-नियंत्रणात आज्ञा जाते. परंतु चाकाला झालेला विरोध परत हातापर्यंत येत नाही. त्यामुळे भाग मोडण्यापूर्वी सूचना मिळत नाही आणि तपासणी, दुरुस्ती व बळकटी यांना या क्षेत्रात विशेष महत्त्व प्राप्त होते.

ऐतिहासिक आढावा : चारचाकी वाहन वळताना आतील चाकाने बाहेरील चाकापेक्षा अधिक कोनातून वळावे लागते, अन्यथा चाके घसटतात. हे साधणारी जोडदांड्यांची रचना म्यूनिक येथील गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी १८१७ मध्ये घोड्याच्या गाडीसाठी शोधून काढली आणि रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे एकस्व घेतले. ही रचना आकरमान यांच्याच नावाने रूढ झाली व पुढे मोटारगाड्यांनी तिचा स्वीकार केला.

सर्व्हो चलित्राचा उगमही सुकाणूतच आहे. मोठ्या आगबोटींचे सुकाणू माणसाच्या बळाने वळविणे अवघड झाल्यावर जॉन मॅकफार्लन ग्रे यांनी १८६६ मध्ये वाफेवर चालणाऱ्या सुकाणू यंत्राचे एकस्व घेतले. ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजावर ते बसविण्यात आले. सुकाणू इष्ट कोनात येताच वाफेचा पुरवठा आपोआप बंद होई, हे त्याचे वैशिष्ट्य होते. फ्रेंच अभियंता झोझेफ फार्को यांनी १८७३ मध्ये अशा आज्ञाधारक यंत्राला ‘सर्व्हो-मोटर’ ही संज्ञा दिली. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी नियंत्रणाची छोटी नौका चालवून दाखविली. तारेशिवाय सुकाणू वळविता येते, हे अशा प्रकारे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले.

प्रतिकृती वाहनांत प्रारंभी सुकाणूची मधली, डावी व उजवी एवढ्याच ठराविक स्थिती मिळत. १९६० नंतरच्या दशकात चालकाच्या बोटाच्या हालचालीच्या प्रमाणात चाक वळविणारे प्रमाणशीर नियंत्रण प्रचारात आले. जपानमधील टॅमिया या कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेल्या ‘क्लॉड बस्टर’ या मोठ्या चाकांच्या गाडीत पुढील व मागील अशी चारही चाके वळत. हौशी लोकांनी तिच्यात फेरफार करून खडकांवर चढणाऱ्या गाड्या बनविल्या व कालांतराने खास या कामासाठीच गाड्या तयार होऊ लागल्या.

भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार बिनतारी साधन बाळगण्यास परवाना लागत असे. त्यामुळे या छंदाचा प्रसार मर्यादित राहिला. २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगॅहर्ट्झ हा कंप्रतापट्टा ठराविक शक्तिमर्यादेत परवानामुक्त करण्यात आला. आधुनिक प्रेषक याच पट्ट्यात चालतात.

रचना व बिघाड : सर्व्हो चलित्राच्या पेटीत लहान विद्युत् चलित्र, दंतचक्रमाला, चल रोधक व नियंत्रक मंडल असते. ग्राहीकडून साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो. स्पंदाची लांबी १.५ मिलिसेकंद असल्यास चलित्राची भुजा मध्यावर राहते आणि ती १ वा २ मिलिसेकंदांकडे झुकल्यास भुजा त्या त्या बाजूस वळते. भुजेची प्रत्यक्ष स्थिती चल रोधक कळवितो व आज्ञा आणि स्थिती यांतील फरक नाहीसा होईपर्यंत चलित्र फिरत राहते.

हा गुणच खडकावर घातक ठरतो. चाक दोन दगडांत अडकले असता फरक नाहीसा होत नाही, म्हणून चलित्र पूर्ण जोराने रेटत राहते आणि साखळीतील सर्वांत दुबळा भाग मोडतो. प्लॅस्टिकच्या दंतचक्राचे दाते झडणे, भुजेच्या छिद्रातील खाचा घासून ती नुसतीच फिरणे, टाय रॉड वाकणे, बॉल जॉइंट निसटणे व चाकाचा नकल किंगपिनच्या छिद्रापाशी तडकणे हे नेहमीचे बिघाड होत. कित्येकदा दोष विद्युत् पुरवठ्यात असतो. अडकलेले चलित्र मोठा प्रवाह खेचते, दाब घसरतो व ग्राही क्षणभर बंद पडतो; बाहेरून मात्र चलित्रच निकामी झाल्याचा भास होतो.

दुरुस्ती व सुधारणा : दोष शोधताना प्रथम दांडा भुजेपासून सोडवितात. मोकळी भुजा दोन्ही बाजूंस नीट फिरल्यास चलित्र निर्दोष समजून चाके हाताने वळवून सांध्यांतील अडथळा व ढिलाई पाहतात. सुधारणा एका भागापुरती करून भागत नाही. केवळ अधिक ताकदीचे चलित्र बसविल्यास मोडतोड थांबत नाही, ती पुढील भागाकडे सरकते. म्हणून धातूच्या दंतचक्रांचे चलित्र, ॲल्युमिनियमची भुजा, पोलादी दांडे व मजबूत नकल यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

भुजेची लांबीही महत्त्वाची असते. २५ किग्रॅ.-सेंमी. टॉर्कचे चलित्र १ सेंमी. अंतरावर २५ किग्रॅ., तर २.५ सेंमी. अंतरावर १० किग्रॅ. एवढाच जोर लावू शकते. भुजा आखूड केल्यास जोर वाढतो. पण वळणकोन घटतो. चलित्र सांगाड्यावर बसविले असल्यास ड्रॅग लिंक व आस बाजूस सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड हे समांतर व शक्यतो समान लांबीचे असावे लागतात. अन्यथा आस वरखाली होताना चाके आपोआप वळतात. चलित्राला स्वतंत्र दाब-नियामकातून पुरवठा केल्यास ग्राही बंद पडण्याचा दोष टळतो. शेवटी प्रेषकावर वळणाची मर्यादा ठरवून देतात, म्हणजे नकल अडणीला टेकल्यावरही चलित्र रेटत राहत नाही.

पुणे व दूरनियंत्रित वाहने : पुणे परिसरात या कामास अनुकूल परंपरा आहे. पिंपरी-चिंचवड भागात १९६० नंतर वाहननिर्मितीचे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरविणारे छोटे यंत्रकारखाने वाढले. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली चाचणीसंस्था वेताळ टेकडीवर आहे. नाना पेठेत वाहनांचे सुटे भाग, बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक साहित्य आणि रविवार पेठेतील बोहरी आळीत लोखंडी सामान व हत्यारे मिळतात. शहराभोवतीच्या टेकड्यांचा कठीण बेसाल्ट खडक अशा गाड्यांची परीक्षा घेण्यास योग्य आहे.

छंदात सुकाणू मोडल्यास चालक चार पावले चालून गाडी उचलून आणतो. बाँब निकामी करणाऱ्या वाहनाच्या बाबतीत तीच चार पावले प्राणघातक ठरू शकतात. ब्रिटिश सेनाधिकारी पीटर मिलर यांनी १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमधील बाँबविरोधी कामासाठी विजेवर चालणाऱ्या हातगाडीच्या सांगाड्यावरून ‘व्हीलबॅरो’ हे दूरनियंत्रित यंत्र बनविले. त्याच्या नंतरच्या आवृत्त्या चाकांऐवजी पट्ट्यांवर चालत. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्क भागात झालेल्या बाँबस्फोटात अनेकांचे प्राण गेले. संशयास्पद वस्तूजवळ माणसाऐवजी यंत्र पाठविण्याची गरज अशा घटनांवरून स्पष्ट होते. पुण्याजवळील दिघी येथील संशोधन व विकास आस्थापना (अभियंते) या संरक्षण संशोधन संस्थेने याच हेतूने ‘दक्ष’ हे विद्युत् घटमालेवर चालणारे दूरनियंत्रित वाहन विकसित केले. ते सुमारे ५०० मी. अंतरावरून चालविता येते, जिने चढते, यांत्रिक हाताने वस्तू उचलते, तिची क्ष-किरण तपासणी करते व पाण्याच्या झोताने बाँब निकामी करते. पहिली ५ वाहने डिसेंबर २०११ मध्ये भूसेनेकडे सुपूर्द करण्यात आली.

जेथे दुरुस्तीस कोणीही जाऊ शकत नाही, तेथे काही वाहनांत अभियंत्यांनी वळणारे सांधेच टाळले आहेत. १९७० मध्ये चंद्रावर उतरलेले सोव्हिएट ‘ल्युनोखोद–१’ आठ चाकांचे व २०२३ मध्ये उतरलेले भारताचे ‘प्रज्ञान’ सहा चाकांचे होते. दोन्ही वाहने दोन बाजूंच्या चाकांच्या गतीत फरक करून वळत. या पद्धतीत चाके घसटतात व शक्ती अधिक खर्च होते. मात्र मोडण्याजोगे टाय रॉड व नकल यांत नसतात. अचूक वळण व कमी घर्षण हवे असल्यास जोडदांड्यांची रचनाच सरस ठरते. तिची किंमत म्हणून प्रत्येक खेपेपूर्वी प्रत्येक सांधा हाताने तपासून पाहावा लागतो.