पावलाचे टक्के

अमेरिकेतला माजी सैनिक पायाच्या दुखण्याची गोष्ट टक्क्यांत सांगतो: कुणाला 10, कुणाला 50. सरकारी भरपाई ठरवणारे हे टक्के वेदनेचे वाटतात, पण कायद्याच्या लेखी ते बुडालेल्या कमाईचे आहेत.

त्याआधी पायाचा भाव सरळ डॉलरांत होता. यादवी युद्धाच्या काळात, 1862च्या कायद्याने पूर्ण अपंग झालेल्या शिपायाला महिना 8 डॉलर आणि लेफ्टनंट कर्नलला 30 डॉलर मिळत. 1864 मध्ये दोन्ही पावलं गमावलेल्यांसाठी 20 डॉलर ठरले. तुटलेलं पाऊल कुणालाही दिसतं. पण पाऊल शाबूत आहे आणि चार तास उभं राहवत नाही, त्याचं काय?

6 ऑक्टोबर 1917च्या कायद्याने हुद्दा बाजूला सारला आणि प्रश्नच बदलला: अशा इजेमुळे सर्वसाधारण माणसाची नागरी कामधंद्यातली कमाई सरासरी किती घटते? ही घट टक्क्यांत मांडणाऱ्या 1925च्या तक्त्यात प्रत्येकाचा व्यवसायही धरला गेला. मला ते अधिक न्याय्य वाटतं. टपाल वाटणाऱ्याचा पाय आणि कारकुनाचा पाय सारखा कसा? पण 1933 मध्ये पुन्हा सरासरीच आली. आजचा तक्ता 1945च्या तक्त्यावर उभा आहे.

त्यात सपाट पावलाचा क्रमांक 5276. बुटाने किंवा आधाराने आराम पडत असेल तर शून्य टक्के. मध्यम त्रासाला 10. तीव्र असेल तर एका पायाला 20, दोन्हींना 30. विशेष बुटांनीही न सुधारणाऱ्या टोकाच्या अवस्थेत 30 आणि 50. शरीराचा भार अंगठ्याच्या आत सरकतो का, टाचेमागची कंडरा आत वाकली आहे का, घट्टे कुठे पडलेत, हे तपासतात. नुसती जन्मजात सपाट कमान असेल तर भरपाई नाही. शून्य मात्र फुकट जात नाही: दुखणं सैन्यसेवेतलं हे मान्य झालेलं असतं, पुढे बळावलं तर ते पुन्हा सिद्ध करावं लागत नाही.

बेरीजही निराळीच. पावलांचे 50 आणि पाठीचे 30 मिळून 80 होत नाहीत. उरलेल्या 50चे 30 टक्के म्हणजे 15. एकूण 65, आणि ते 70 धरतात.

टाच धरण्याच्या दुखण्याला, प्लांटार फॅसिआयटिसला, या तक्त्यात बराच काळ स्वतःचा क्रमांकच नव्हता. बहुतेक वेळा ते सपाट पावलाच्या निकषांवर मोजलं जाई. फेब्रुवारी 2021 मध्ये त्याला 5269 मिळाला: एरवी 10 टक्के, औषधोपचार आणि शस्त्रक्रिया दोन्ही करूनही आराम नसेल तर एका पायाला 20, दोन्हींना 30.