चिमणीची भिंत

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें बारामतीस नवें घर बांधलें आहे. घराणें मूळचें इंदापूर तालुक्यांतील, भीमाकांठचें. ऊंस आणि द्राक्षें यांनीं ज्यांना अलीकडे बरे दिवस दाखविले त्यांपैकीं एक. गेल्या हिंवाळ्यांत त्यानें मला घर पाहावयास मुद्दाम बोलावलें. माडी, गच्ची, देवघर सर्व पाहून झाल्यावर त्यानें मला बैठकीच्या दालनांत एका भिंतीपुढें उभें केलें आणि म्हटलें, "सर, एवढ्या एका भिंतीचें काय करावें तें मात्र आम्हांला सुचत नाहीं."

भिंत चांगली चौदा फूट रुंद. मधोमध विलायती घरांत असते तशी, कमरेइतक्या उंचीची, आगीची जागा; तिच्यावर थेट छतापर्यंत गेलेली धुराड्याची छाती; आणि हें सारें पांढरें स्वच्छ, एक रेघ नाहीं कीं एक कोनाडा नाहीं. धुराडें छपराबाहेर गेलेलें नाहीं, हें मला मागाहून कळलें. घराचा आराखडा करणाऱ्यानें नमुन्याच्या पुस्तकांतून तें उचललें होतें, आणि त्यांत आग पेटावयाची नसल्यामुळें धूर कोठें जाईल याची चिंता कोणी केली नव्हती. सूनबाईंचें मत तेथें एखादें भव्य चित्र लावावें असें होतें. धाकट्या भावाला काळा दगड चढवावयाचा होता. मुलांना दूरचित्रवाणीचा पडदा हवा होता. इतिहास शिकविणाऱ्याला घर सजविण्यांतलें काय कळणार, असें म्हणून मीं आपली सुटका करून घेतली. परंतु प्रश्न मनांतून जाईना. ती भिंत सजवावी कशी यापेक्षां, आपल्याकडची भिंत रिकामी झाली केव्हां, हें मला शोधावेंसें वाटूं लागलें.

विलायतेंत तरी ही भिंत फार पुरातन आहे असें कोणी समजूं नये. किल्ल्यांची आणि मठांची गोष्ट सोडली तर इंग्लंडांतील सामान्य घरांत आग दालनाच्या मध्यभागीं जमिनीवरच पेटत असे, आणि धूर छपरांतून जमेल तशी वाट काढी. विल्यम हॅरिसन यानें १५७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्लंडवर्णनांत असें लिहून ठेवलें आहे कीं, त्याच्या गांवच्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातींत झालेल्या तीन पालटांचें नवल वाटे. आणि त्यांत पहिला पालट म्हणजे जिकडे तिकडे उभीं राहिलेलीं धुराडीं. धुराड्यामुळें आग मधून उठून भिंतीशीं गेली, आणि तिच्याबरोबर घरांतल्या माणसांचीं तोंडेंही त्या भिंतीकडे वळलीं. पुढें सरकारचेंही लक्ष तिकडे गेलें. १६६२ पासून १६८९ पर्यंत तेथें दर आगोटीमागें वर्षास दोन शिलिंग कर होता. ज्या जागेवर कर बसतो ती जागा प्रतिष्ठेची होण्यास वेळ लागत नाहीं. अठराव्या शतकांत तर हें प्रकरण इतकें वाढलें कीं, पिरानेसी या रोमच्या प्रख्यात नक्षीकारानें १७६९ सालीं केवळ धुराड्यांच्या शृंगाराचे नमुने देणारा एक ग्रंथच काढला. त्यांत मिसरी देवतांपासून एट्रुस्कन वेलबुट्टीपर्यंत सर्व आहे. या सगळ्या थाटामाटांत धुराडें नीट ओढतें कीं नाहीं याचा विचार पुष्कळदां राहूनच जाई. १७९६ सालीं काउंट रम्फर्ड यानें आगीची जागा उथळ करून धुराड्याचा गळा अरुंद केला, तेव्हां कोठें श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतला धूर कमी झाला.

परंतु एवढ्या शृंगाराच्या मुळाशीं एक साधी गोष्ट होती. सहा महिने थंडी, दुपारीं चारलाच दाटणारा अंधार, आणि घरांत ऊब देणारी एकच जागा. माणसें तासन् तास जिकडे पाहात बसत तिकडे त्यांनीं आपलें घड्याळ, आपले पूर्वज आणि आपलें वैभव मांडलें. पहाणें आधीं आणि सजविणें मागाहून असा तो क्रम आहे.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. बारामती-इंदापूरचा प्रदेश अवर्षणाचा. जुन्या जमाबंदीच्या जाचानें ओसाड पडलेल्या याच इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं आपली नवी आकारणी १८३६ सालीं प्रथम लागू केली, यावरून तेथील रयतेच्या स्थितीची कल्पना येईल. लांकूड दुर्मिळ, दगड मिळाला तर जोत्यापुरता. म्हणून भिंती मातीच्या, दीड दीड हात जाडीच्या. वर तुळयांवर काटक्या व पाला पसरून पांढरीची माती घातलेलें धाबें. आणि धाब्याला एक भोक, ज्याला कोणी साणें म्हणतात, कोणी सवणें. धुराडें तेंच, खिडकी तीच, आणि पावसाळ्यांत कटकट तीच.

या घरांत आगीचीं ठिकाणें दोन. एक चूल: वैलासह, मागें भानवस, शेजारीं उतरंड. ती सर्वस्वीं बायकांच्या राज्यांत. रोज सारवून तिच्यावर रांगोळीच्या रेघा ओढावयाच्या आणि हळदकुंकू वाहून मगच ती पेटवावयाची. म्हणजे आगीच्या जागेचा शृंगार आपल्याकडेही होता. पण तो रोज पुसला जाऊन रोज नवा होई, आणि पाहुण्याला तो दिसतही नसे. दुसरी आग पुरुषांची, आणि ती घराबाहेर: अंगणापुढची शेकोटी, आणि हुरड्याच्या दिवसांत शेताच्या बांधाशीं पेटविलेली आगटी. बैठकीच्या सोप्यांत आग कधींच नव्हती. मग संध्याकाळीं सोप्यांत बसलेला माणूस पाहात कोणीकडे होता?

तो पाहात होता दिव्याकडे. आणि दिवा होता देवळींत. कोनाडा आणि देवळी यांत आमच्याकडे भेद करतात. कोनाडा कशालाही चालतो; त्यांत पानाचा डबा, वह्या, चावी, काय वाटेल तें ठेवावें. देवळी त्याहून लहान, वर निमुळती, नांवाप्रमाणें देवळाच्या आकाराची, आणि ती दिव्याचीच. जाड मातीची भिंत असल्यामुळें ती वीतभर खोल करतां येई. त्यामुळें वारा लागत नसे, आणि आंतल्या चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावरून उजेड परतून बाहेर येई. करडईचें किंवा एरंडाचें तेल, कापसाची वात, आणि तेवढ्या उजेडांत सारें घर. देवळीच्या भोंवतीं बायका चुन्याचीं बोटें उमटवीत, सणाला गेरूची चौकट काढीत. श्रावणांत जवळच जिवतीचा कागद लागे, नागपंचमीला नाग उमटे. भिंतीचा बाकी भाग साधाच राही. त्याला कोणी रिकामा म्हणत नसे.

श्रीमंतांच्या घरीं याच गोष्टीचा विस्तार झाला. बारामतीस कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाईक जोशी यांचा गढीवजा वाडा आहे. नाईक पेशव्यांचे सावकार आणि सोयरे. बाबूजींचे बंधु आबाजी यांना बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई दिलेली होती. तरी १७४० सालीं थोरले बाजीराव वारल्यावर पेशवाई याच बाबूजींना मिळावी म्हणून रघूजी भोसल्यांनीं शाहूमहाराजांपाशीं खटपट केली होती. तें पद मिळालें नाहीं. परंतु पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत या नाइकांच्या आश्रयास राहिले, आणि १७९४ त वारले तेही बारामतीसच. पंत पुराण सांगावयास बसत तेव्हां त्यांच्या पोथीवर उजेड पडे तो आगोटीचा नव्हे, समईचा आणि देवळींतल्या दिव्यांचा, असें चित्र मी मनाशीं नेहमीं रंगवितों. त्या काळच्या वाड्यांतून सुरूच्या खांबांमागें महिरपी कोनाड्यांची रांग असे, आणि वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यांत भिंतींवर चित्रें आहेत तीं अद्याप पाहावयास सांपडतात. शनिवारवाड्यांतलीं मात्र १८२८ च्या आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलीं.

येथें एका शब्दाची गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ग्रीक भाषेंत भट्टीला जो शब्द होता तो लॅटिन व फ्रेंच यांतून इंग्रजींत 'चिमनी' होऊन गेला आणि धुराड्याला चिकटला. एकोणिसाव्या शतकांत घासलेट आलें, घासलेटाच्या दिव्यावरची कांच आली, आणि त्या कांचेला इंग्रज धुराड्याचेंच नांव देत असल्यामुळें आमच्या लोकांनीं तें नांव उचललें; पुढें कांच नसलेल्या पत्र्याच्या टिचभर दिव्यालाही चिमणी म्हणूं लागले. खेड्यापाड्यांत जें भोक धूर बाहेर काढतें त्याला कोणी चिमणी म्हटलें नाहीं; जी वात धूर आंत सोडते तिला म्हटलें! विलायतेंत ज्या शब्दानें अख्खी भिंत व्यापली तो शब्द इंदापुराकडे आला तेव्हां मुकाट्यानें देवळींत जाऊन बसला. खरीं धुराडीं या तालुक्यांत आलीं तीं निराळ्याच वाटेनें. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी आलें, ऊंस आला, गुऱ्हाळांचीं चुलवाणें आलीं, आणि मग वालचंदनगर, भवानीनगर, माळेगांव येथल्या कारखान्यांचीं उंच धुराडीं.

भिंतीचा मध्य देवळीकडून निघाला तो तसबिरींमुळें. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ सालीं निघाला. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघून पुढें मळवलीस गेला. यांनीं छापलेलीं लक्ष्मी-सरस्वती, दत्त, रामपंचायतन हीं चौकटींत बसून, वरून पुढें झुकलेलीं, ओळीनें सोप्यांत लागलीं. त्यांच्या मागच्या तिरप्या जागेंत खऱ्या चिमण्यांनीं घरटीं केलीं, हा या कलाप्रसाराचा एक अनपेक्षित लाभ. नंतर वीज आली. वीज छताला टांगलेली. तिला कोणत्याच भिंतीची गरज नव्हती. देवळीला काम उरलें नाहीं. नव्या भिंती नऊ इंची विटेच्या, पुढें त्याहूनही पातळ. त्यांत वीतभर खोल पोकळी काढणार तरी कशी? ज्या जुन्या घरांत त्या होत्या तेथें गवंड्यानें विटांचे तुकडे भरून सिमेंटानें तोंडें लिंपलीं. माझ्या स्वतःच्या घरीं हें काम माझ्याच संमतीनें झालें. भिंत सपाट झाली म्हणून त्या दिवशीं आम्हांला समाधान वाटलें होतें. मग त्या सपाटीवर काय लावावें, हा विचार सुरू झाला.

या विद्यार्थ्याच्या आजी नव्वदीच्या घरांतल्या आहेत. त्यांचें जुनें घर पळसदेवाच्या बाजूस होतें. उजनीचें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें आणि भीमेच्या फुगवट्याखालीं त्या बाजूचीं गांवें गेलीं. लोक वरच्या माळावर जाऊन राहिले. २०२४ च्या उन्हाळ्यांत धरण इतकें आटलें कीं पळसदेवाचें जुनें देऊळ उघडें पडलें आणि पाहावयास माणसें लोटलीं. आजींनीं हट्ट धरला, आणि मोटारींत बसवून त्यांना कांठापर्यंत नेलें. मीही बरोबर होतों. मातीच्या भिंतींचा मागमूस नव्हता. चाळीसांहून अधिक वर्षें पाण्याखालीं राहून त्या जशा आल्या तशा मातींत गेल्या होत्या. दगडी जोतीं तेवढीं गाळांतून वर दिसत होतीं. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आजी एका जोत्यावर चढल्या, पावलें मोजल्यासारखें करीत चालल्या, आणि एके ठिकाणीं थांबून म्हणाल्या, "हितं चूल व्हती." मग चार पावलें बाहेरच्या अंगाला येऊन त्यांनीं हात वर केला, खांद्याहून थोडा उंच, आणि रित्या हवेंत बोटांनीं एक लहान कमान काढली. "आन् हितं दिवा."

मीं विचारलें, "आजी, बाकीच्या भिंतीवर काय होतें?"

"बाकीची भिंतच की, मास्तर," त्या म्हणाल्या. "भिंतीवर आनि काय असतंय?"

नवें घर पाहून आल्यावर हा प्रसंग मला आठवला, आणि मीं विद्यार्थ्याला पत्रांत तेवढाच लिहून पाठविला; सल्ला दिला नाहीं. पुढची हकीकत त्यानें सांगितली. गवंडी बोलावला. त्यानें धुराड्याच्या छातीवर बोटें वाजवून पाहिलीं आणि आंत सगळें पोकळच आहे, वाटेल तेवढी खोल देवळी काढतां येईल, असा निर्वाळा दिला. पातळ भिंतीच्या घरांत ही सोय त्या खोट्या धुराड्यानेंच करून दिली म्हणावयाची. जागा कोठें, याबद्दल आजींना विचारलें तेव्हां त्यांनीं मध्य धरला नाहीं. आपला हात पोंचेल अशी डावीकडची जागा दाखविली. त्यामुळें भिंतीचा तोल गेला असें सूनबाईंचें म्हणणें आहे, आणि तें खोटें नाहीं. खालच्या आगीच्या जागेंत सध्यां मुलांचे खेळ आणि जुनीं वर्तमानपत्रें असतात.

देवळींत रोज संध्याकाळीं तेलाचा दिवा लागतो. मागच्या महिन्यांत मी गेलों तेव्हां कमानीच्या वर, त्या पांढऱ्या शुभ्र रंगावर, चार बोटें रुंद काजळी धरली होती. ती पुसावी कीं राहूं द्यावी, याविषयीं त्या घरांत अजून एकमत झालेलें नाहीं.