सिकलसेलच्या दुखण्यावर संमोहन: नेमकं काय होतं, काय होत नाही?

गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना सालेकसा सोडलं की दरेकसा येतं. हे छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेलं जंगलातलं छोटं स्टेशन आहे. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला निघालेले हजारो गोंड भाविक इथं उतरतात. एरवी इथं फारशी गर्दी नसते.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेल हा घरोघरी माहीत असलेला आजार आहे. नागपूरच्या परिसरात तो असल्याची नोंद शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 1958 मध्येच केली होती. इथल्या लोकांना लाल कार्ड म्हणजे आजार आणि पिवळं कार्ड म्हणजे वाहक, हे वेगळं सांगावं लागत नाही. पण या आजाराच्या वेदनेवर संमोहनाचा उपयोग होतो का, याचा अभ्यास झालेला आहे, हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

सिकलसेलमध्ये एवढं दुखतं का?

या आजारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि हाडं, पाठ, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. डॉक्टर याला ‘क्रायसिस’ म्हणतात. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम किंवा ताप यापैकी काहीही निमित्त पुरतं. पुढचा झटका कधी येईल हे सांगता येत नाही. त्यामुळे शाळा, मजुरी, लग्नकार्य अशा सगळ्याच गोष्टींवर त्याची टांगती तलवार असते.

भरपूर पाणी, वेदनाशामक औषधं, हायड्रॉक्सीयुरिया आणि गरज पडल्यास रक्त, हे नेहमीचे उपचार आहेत. संमोहनाचा विचार करायचा तो या उपचारांच्या जोडीला. त्यांना पर्याय म्हणून नाही.

संमोहन म्हणजे नेमकं काय?

स्टेजवर कुणाला तरी कोंबड्यासारखं आरवायला लावणारा जादूगार आधी डोक्यातून काढून टाका. वैद्यकीय संमोहनात माणूस झोपत नाही, बेशुद्ध होत नाही आणि कुणाच्या ताब्यातही जात नाही. तो शांत बसतो, लक्ष एका गोष्टीवर आणतो आणि मग त्याला सूचना दिल्या जातात. उदाहरणार्थ, हात उबदार होतोय, दुखणं दूर सरकतंय. हेच स्वतःचं स्वतः करायला शिकलं की ते स्वसंमोहन. सूचनांना दाद देण्याची क्षमता प्रत्येकात सारखी नसते. काहींवर परिणाम पटकन होतो, काहींवर जवळपास होतच नाही. बहुतेक लोक मधे कुठेतरी असतात.

मेंदूत काही बदलतं का? 1997 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी लोकांचे हात गरम पाण्यात ठेवायला लावले आणि संमोहनातून ‘हे कमी त्रासदायक वाटेल’ किंवा ‘जास्त वाटेल’ अशा सूचना दिल्या. पाणी तेवढंच गरम होतं. पण वेदनेच्या त्रासाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचाल सूचनेप्रमाणे बदलली. वेदना जाणवणं आणि वेदनेने हैराण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या प्रयोगात संमोहनाला शिरकाव मिळाला तो दुसऱ्या ठिकाणी.

सिकलसेलवर काय आढळलं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षातून तीन किंवा जास्त वेळा झटके येणाऱ्या मुलांना आणि प्रौढांना स्वसंमोहन शिकवलं. आधी चार महिने फक्त नेहमीचे उपचार देऊन नोंदी ठेवल्या, मग त्याच उपचारांसोबत दीड वर्ष प्रशिक्षण दिलं. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पुढे पंधरा दिवसांनी, शेवटी तीन आठवड्यांनी. निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. दुखण्याचे दिवस कमी झाले, झोपमोडीच्या रात्री घटल्या, गोळ्याही कमी लागल्या.

एवढंच वाचून थांबलं तर चित्र अर्धवट राहतं. ज्या दिवशी दुखलं, त्या दिवशी औषध लागलंच आणि झोपही उडालीच. कमी झाले ते मुख्यतः सौम्य झटके. शिवाय डॉक्टरांच्या चमूशी सतत संपर्क राहिल्याचाही फायदा झाला असावा, हे संशोधकांनी स्वतःच मान्य केलं. स्वतंत्र तुलना गट नसल्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं, हा प्रश्न राहतोच.

मग निम्मे दिवस हलके झाले तरी मोठा फायदा आहे, असं म्हणता येईल का? निम्मे, हा आकडा अभ्यासातला नाही, पण मुद्दा खरा आहे. ज्या पोराची शाळा किरकोळ कळांमुळे बुडते, त्याच्यासाठी सौम्य झटका ‘किरकोळ’ नसतो.

भारतात याला मान्यता आहे का?

आहे, पण मर्यादित. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर 2003 मध्ये संमोहन आणि अ‍ॅक्युपंक्चर यांना उपचाराची पद्धत म्हणून मान्य केलं. ते नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करावं, अशी अट घातली. स्वतंत्र वैद्यकशास्त्र म्हणून मात्र त्यांना दर्जा दिला नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1955 मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1958 मध्ये असाच सावध होकार दिला होता.

आणि हो, संमोहन म्हणजे जादूटोणा नाही. विदर्भात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम उभं करणारे श्याम मानव यांनीच स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. पण ‘मी संमोहनाने सिकलसेल बरा करतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून निघावं. हा जनुकातला दोष आहे. सूचनेने पेशीचा आकार बदलत नाही.

दरेकशासारख्या गावात हे जमेल?

एका बाजूने ही पद्धत अशा गावांना सोयीची आहे. एकदा शिकल्यावर ना यंत्र लागतं, ना औषधाचा साठा. पण शिकवायला प्रशिक्षित माणूस हवा आणि तो पुन्हापुन्हा यायला हवा. दुसरी अडचण भाषेची. सूचना म्हणजे शेवटी शब्दच. या भागात घरात गोंडी, पोवारी, छत्तीसगढी, मराठी, हिंदी असं काहीही बोललं जातं. ज्या भाषेत आईने थोपटून झोपवलं, त्याच भाषेत ‘हात ऊबदार होतोय’ ऐकू आलं तर ते जास्त सहज मनात उतरतं. पुस्तकी मराठीतली रेकॉर्ड केलेली क्लिप इथं फार उपयोगी पडेल असं वाटत नाही.

केंद्राने 1 जुलै 2023 रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर सुरुवातीला तपासणीवर आहे आणि ते योग्यही आहे. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वेदना रोजच्या रोज कशी पेलायची, याचं प्रशिक्षण हा त्यानंतरचा टप्पा आहे.

हे कुणी करू नये?

भास होणं किंवा वास्तवाचं भान सुटणं असा मानसिक आजार असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय संमोहन करू नये. संमोहनात ‘आठवलेल्या’ जुन्या गोष्टी खऱ्याच असतात असंही नाही, त्यामुळे त्यावरून कुणावर आरोप करू नयेत.

सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणं, दम लागणं, अचानक हातपाय लुळे पडणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा लहान मुलाचं पोट डाव्या बाजूला फुगणं, यातलं काहीही दिसलं तर डोळे मिटून श्वास मोजत बसायची ही वेळ नाही. थेट दवाखाना गाठावा. 108 ही रुग्णवाहिका सेवा मोफत आहे. मनावर ताण असेल तर टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.