बारामतीचा लेझर, पाबळची शाळा

दिव्यांचा छोटा कंदील, आत सेन्सर आणि बॅटरी, बाहेर लेझरने कापलेली ॲक्रिलिकची पेटी. आज शाळेत असा प्रकल्प करणाऱ्या मुलांच्या हातातल्या लेझर कटरची आणि तो असलेल्या कार्यशाळेची मुळं पुणे जिल्ह्यात सापडतात.

प्लायवूड आणि ॲक्रिलिक कापायला बहुतेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. तो 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये शोधला कुमार पटेल यांनी. ते जन्मले बारामतीत, अभियांत्रिकी शिकले पुण्यात. या लेझरचा 10.6 मायक्रॉनचा अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाही, पण लाकूड आणि ॲक्रिलिक तो झटकन शोषून घेतात. किरण पडेल त्या रेषेवरचा पदार्थ जळून वा वाफ होऊन उडून जातो. पीव्हीसी मात्र कधीच कापू नये, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतात.

दुसरा धागा शिरूर तालुक्यातल्या पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून 1983 साली तिथे विज्ञान आश्रम उभारला. शाळेतून गळालेली मुलं तिथे वेल्डिंग, शेती, वीजजोडणी करत विज्ञान शिकू लागली. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे लेझर कटरसारख्या संगणकचालित यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक, आणि ती महानगरात नव्हे, खेड्यात! ही निवड मोलाची होती, कारण इथली उपकरणं गावाच्या गरजेतून सुचत होती.

शिक्षकांनो, पुढची सहल पाबळला न्या.