मस्तकहीन वाद्याची पारख

देवळातील भजनात तंबोऱ्याच्या खुंट्या वर पिळलेल्या आपण पाहतो. पण स्वर अगदी सूक्ष्म जुळवावयाचा असला की गवयाचा हात खाली, मण्यांकडे जातो. जुळणीचे सारे काम मस्तकाशीच व्हावे असा नियम नाही, हे आपणांस जुनेच ठाऊक आहे. बास गिटारच्या बाबतीत नेड स्टाईनबर्गर या अमेरिकन रचनाकाराने तेच करून दाखविले.

हा गृहस्थ मूळचा खुर्च्या-मेजांची रचना करणारा. १९७७ साली त्याने स्टुअर्ट स्पेक्टर यांच्या कारखान्यासाठी एक बास योजिला. बासच्या लांब मानेच्या टोकास जड किल्ल्या असल्याने वाद्य त्या बाजूस कलते. पुढे त्याने मस्तकच काढून टाकले व किल्ल्या बुडाशी नेल्या. मान आणि देह लाकडाऐवजी कार्बनतंतू व राळ यांच्या मिश्रणाचे केले. १९८० साली कंपनी निघाली. १९८१ साली या ‘एल-२’ वाद्यास अमेरिकेतील औद्योगिक रचनाकारांच्या संस्थेचे पारितोषिक मिळाले. १९८७ साली कंपनी गिब्सनकडे गेली.

जुने वाद्य घेणाऱ्यास हा इतिहास फार उपयोगी पडतो. जर्मनीच्या होनर कंपनीने परवाना घेऊन याच आकाराची लाकडी वाद्ये काढली. ती वाईट नव्हेत; पण लाकडाला कार्बनचे मोल देणे हा निव्वळ तोटा. मूळ वाद्याच्या मानेत बाक सुधारण्याची लोखंडी सळई नसते. म्हणून मान डोळ्यांसमोर धरून तिची सरळ रेषा पाहावी. तेथे दोष असला तर तो सहजी निघत नाही. बुडाशी असलेली प्रत्येक किल्ली फिरवून तिचे आटे झिजले आहेत काय ते तपासावे. दोन्ही टोकांस गोळी असलेल्या तारा आपल्या गावी मिळतील काय, याचीही चौकशी आधीच करावी.

मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १६ चे मूळ सूत्र ‘ग्राहकाने सावध असावे’ हेच आहे. विकणारा त्या मालाचा व्यापारी नसेल, तर गुणवत्तेची गर्भित हमी सहसा मिळत नाही. आणि व्यापाऱ्याकडेही, तपासणीत दिसावयास हवा होता असा दोष मागाहून पुढे करता येत नाही. वकिलाकडे येण्यापूर्वीच वाद्य हाती घेऊन नीट पाहिले, तर पुष्कळ दावे जन्मासच येणार नाहीत.