रात्री ८.३१

मंगळवारी रात्री ८ वाजून ३१ मिनिटांनी अर्धा शेंगदाणा बावीस महिन्यांच्या एका मुलाच्या उजव्या फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसेल. सुमारे छप्पन तासांनी, शुक्रवारी पहाटे, भूल देऊन तो काढावा लागेल. मूल वाचेल.

हे घर कुणा एकाचं नाही. निपाणी, अक्कोळ, सौंदलगा, गळतगा या पट्ट्यात शेंगांची काढणी उरकली की अशा संध्याकाळी अनेक घरांत होतात. त्या इथे एका घड्याळावर लावल्या आहेत. माणसं आणि मिनिटं त्या घड्याळाची आहेत. शरीरात जे घडतं ते कुठल्याही घरात असंच घडतं.

दुपारी ४.१०
मुलगा झोपेतून उठतो. आज उशिरा झोपला, म्हणून उशिरा उठला. आई सोप्यात विड्या वळत बसली आहे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. १९८१च्या शेतकरी आंदोलनाने निपाणीचा तंबाखू देशभर गाजला, पण त्या तंबाखूवरचा शेवटचा हात आजही अशा सोप्यातल्या बायकांचाच असतो. हजार विड्या उद्या सकाळी द्यायच्या आहेत. साडेतीनशे बाकी आहेत.

४.३५
आजी पेलाभर दूध देते, दोन चमचे साखर घालून. साधारण २०० मिली. मुलगा एका दमात पितो.

‘दुपारी जेवलं न्हाय पोरगं. दूध तरी जाऊ दे पोटात.’

दुपारी तो आमटी-भाताचे सहा-सात घास खाऊन उठला होता. त्याच्या वयाला ते जेवणच आहे. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या वेळेच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढ मंदावते, तशी भूकही. घरच्यांना कमी झालेली भूक रोज ताटात दिसते. मंदावलेली वाढ तशी डोळ्यांना दिसत नाही.

दिसायची सोय मात्र होती. गेल्या आठवड्यात अंगणवाडीत वजन झालं, १०.८ किलो. ताईंनी तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात ठिपका दिला आणि ‘बरं हाय की, काळजी करू नगा’ म्हणाल्या. ते कार्ड आता फळीवर चहाच्या डब्याखाली आहे.

५.२०
शेजारच्या काकू येतात. त्यांच्याबरोबर मुलगा चहात बुडवून चार ग्लुकोज बिस्किटं खातो. हे कुणी जेवणात धरत नाही.

५.४५
आजी कढईत सव्वा किलो शेंगदाणे भाजते. परातीत गार झाल्यावर तळहाताने चोळते, फोलपटं सुपाने पाखडते. चोळताना बरेच दाणे दुभंगतात आणि त्यांच्या दोन पाकळ्या होतात. पाकळी गुळगुळीत, एका बाजूने सपाट, कडक.

दोन वर्षांच्या मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी जाड असते. भूल देणारे डॉक्टर नळीचा आकार निवडताना हा ठोकताळा वापरत आले आहेत. पुढे तिचे दोन फाटे होतात. त्यांतला उजवा अधिक रुंद आणि अधिक सरळ खाली जाणारा, म्हणून चुकून आत गेलेली वस्तू बहुधा तिकडेच जाते.

या मुलाला पुढचे दात आहेत, पहिल्या दाढाही आल्या आहेत. मागच्या दाढा साधारण तेवीस ते तेहतीस महिन्यांच्या दरम्यान येतात. म्हणजे दाणा त्याला फोडता येतो, दळता येत नाही. चार वर्षांच्या आत अख्खा दाणा देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठी. कूट चालतं, वाटलेली चटणी चालते.

६.१०
निम्मे दाणे चटणीला बाजूला निघतात. कूट उद्या करायचं ठरतं. उरलेले स्टीलच्या डब्यात जातात आणि एक मूठ वाटीत, आबांना गुळाबरोबर. वाटी खाटेवर ठेवली जाते. खाट जमिनीपासून दीड फूट.

७.००
आई हातातलं सूप खाली ठेवते. दोनशे दहा विड्या बाकी. वाटीत मऊ भात, वर आमटी, तुपाची धार. मुलगा दोन घास घेतो. तिसऱ्याला मान फिरवतो. चौथ्याला ओठ मिटतो. पाचव्याला वाटी ढकलतो, घास गालावर लागतो.

मान फिरवणं, ओठ मिटणं, हाताने वाटी ढकलणं. ‘पुरे’ हा शब्द ज्याला येत नाही त्याच्याकडे सांगायला एवढंच असतं. त्याने तिन्ही केलं आहे.

अमेरिकेत १९२०च्या दशकात डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकत्याच वरच्या अन्नावर आलेल्या मुलांपुढे साधे, सुटे पदार्थ ठेवायला सुरुवात केली. नर्सना सक्त सूचना होती की भरवायचं नाही, आग्रह नाही, मूल दाखवेल तेच द्यायचं. कुणी एके दिवशी भरपूर खाई, दुसऱ्या दिवशी फार थोडं. १९३९मध्ये त्यांनी पंधरा मुलांचे निष्कर्ष मांडले. मुलं चांगली वाढली होती. समोर ठेवलेलं सगळं अन्न चांगलंच होतं, साखर-बिस्किटं त्यात नव्हती, हे त्यांनीच बजावलं होतं. मला या प्रयोगात त्या नर्स महत्त्वाच्या वाटतात. मूल खात नसताना हात आवरून बसणं हे भरवण्याहून कितीतरी अवघड काम आहे, आणि आपल्याकडे ते एकट्या आईकडून, सगळ्या घराच्या देखत, अपेक्षिलं जातं.

७.१५
आई मोबाइल लावून देते. पडद्यावर गाडी फिरते. मुलाचं तोंड उघडं राहतं आणि घास आत जातो, एकूण तीन. त्याचं लक्ष घासाकडे नाही.

७.३८
फोन वाजतो आणि गाडी गायब होते. मुलगा किंचाळतो. फोन वडिलांचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून ते निघत आहेत.

‘जेवला काय?’
‘पाच घास. तेबी कसंबसं.’
‘मी येतो, मग बघतो.’

७.४२
आई म्हणते, ‘राहू दे आत्या आता. भूक लागली की मागंल.’

आजी म्हणते, ‘उपाशी झोपलं की रातचं उठतंय गं. मग कोण जागायचं?’

आजीचं बोलणं दुष्टपणाचं नाही. तिने वेगळी वर्षं पाहिली आहेत, ताटात नसण्याची. आई वाटी झाकून ठेवते. हे जेवण इथे संपू शकलं असतं.

८.१२
मोटारसायकल दारात येते. वडील हातपाय धुतात. दहा मिनिटांत तीन माणसं त्यांना एकच बातमी देतात, की पोरगं दिवसभर काही खात नाही. ४.३५चं दूध आणि ५.२०ची बिस्किटं कुणाच्याच सांगण्यात येत नाहीत.

८.२०
मुलगा खाटेशी जातो. आबांच्या वाटीत हात घालतो. एक पाकळी तोंडात टाकतो आणि कुडुम आवाज करत खातो. रडणं थांबलेलं आहे.

‘दाणं खातंय की! बघ, बघ.’

सगळ्या घराला हायसं वाटतं. या घटनाक्रमात सर्वांत धोक्याचं मिनिट हेच आहे, आणि याच मिनिटाला चारही मोठी माणसं निर्धास्त आहेत.

८.२१
आई विचारते, ‘कूट करून देऊ काय त्याला?’ मिक्सर वरच्या फळीवर आहे. खाली काढायचा, भांडं धुवायचं, विजेचा दाब कमी.

‘दोन दाण्यांसाठी कुठं मिक्सर लावतीस.’

ती उठत नाही. एकशे चाळीस विड्या बाकी आहेत.

८.२६
मुलगा गालात दाणा धरून सोप्यात पळतो आहे. वडील झाकलेली वाटी उघडतात. बेत साधा आहे, दाण्यांच्या नादात भाताचे चार घास सरकवायचे. पहिला घास तोंडात जातो आणि बाहेर येतो.

८.२९
वडील मुलाला मांडीवर आडवं घेतात. एका हाताने दोन्ही गाल धरतात, म्हणजे तोंड उघडतं. तोंडात एक पाकळी शिल्लक आहे. ती कुणी पाहिलेली नाही.

८.३०
मुलगा रडायला लागतो. रडताना मूल श्वास लांबवर सोडत जातं, मग एका झटक्यात खोल आत ओढतं. त्या क्षणी स्वरयंत्र पूर्ण उघडं असतं आणि हवा जोरात आत जाते. तोंडात जे असेल ते तिच्याबरोबर.

८.३१
आवाज बंद होतो. चेहरा लाल, मग ओठांभोवती निळसर. आजी ओरडते, ‘वर बघ, वर बघ!’ वडील तोंडात बोट घालतात. आई पाणी पाजायला धावते.

तिन्ही गोष्टी मायेपोटी होतात आणि तिन्ही चुकीच्या. बोटाने अडकलेली वस्तू आणखी आत ढकलली जाते. पाणी श्वासात जाऊ शकतं. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यायचं असतं. आवाजच बंद झाला तर डोकं छातीपेक्षा खाली घेऊन पाठीवर खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरकस थापा द्यायच्या. त्यानंतर वर्षाच्या पुढच्या मुलाला मागून धरून बेंबीच्या वर पाच दाब, आत आणि वरच्या दिशेने. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर नाही, छातीवर दाब. वस्तू निघेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत हे आळीपाळीने. या घरात हे कुणाला कुणी शिकवलेलं नाही.

८.३३
मोठा खोकला येतो. श्वास सुटतो, मुलगा रडतो, रंग परततो. ‘गेला खाली,’ आबा म्हणतात. दाणा खालीच गेला आहे. पोटात गेला असं सगळ्यांना वाटतं.

८.५५
मुलगा आईच्या खांद्यावर झोपतो. श्वासाबरोबर बारीक शिट्टीसारखा आवाज आहे. रडून सर्दी झाली असेल.

बुधवार, सकाळी ७.३०
मुलगा खेळतो आहे. ठसक्यानंतर असा शांत काळ अनेकदा येतो. कधी तासांचा, कधी दिवसांचा. नळीला त्या वस्तूची तेवढ्यापुरती सवय होते. आत शेंगदाणा ओलावा धरून फुगत असतो आणि त्याच्या तेलाने नळीचं अस्तर सुजत असतं. प्लॅस्टिकचा मणी बराच काळ गप्प बसू शकतो, शेंगदाणा बसत नाही.

बुधवार, सायंकाळी ६.४०
खोकला वाढतो. गावातल्या दवाखान्यात गर्दी आहे. ताप किती, नाक वाहतं का, एवढे प्रश्न होतात. कालच्या ठसक्याबद्दल विचारलं जात नाही, सांगितलंही जात नाही. घरात सगळ्यांच्या लेखी तो विषय ८.३३ला संपला आहे. खोकल्याचं औषध मिळतं.

गुरुवार, रात्री ११.४०
आई दिवा लावते. मुलाच्या बरगड्यांखालची जागा श्वासागणिक आत ओढली जाते आहे. मिनिटाला ५२ श्वास. या वयाला ४० किंवा जास्त म्हणजे धोक्याची खूण.

११.५५
कुठं न्यायचं? कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. ‘आपलं कार्ड चालतंय काय तिकडं?’ निपाणीचा पट्टा कर्नाटकात, म्हणून उपचाराचं कार्ड कर्नाटकाचं; जवळचं मोठं इस्पितळ महाराष्ट्रात. २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने त्याला आक्षेप घेतला. रात्री बाराला सोप्यात उभं राहून हे कुणाला उलगडत नाही. बोलण्यात पंचवीस मिनिटं जातात.

शुक्रवार, रात्री १२.२०
शेजारच्यांची गाडी कोल्हापूरच्या दिशेने निघते. कोगनोळी नाका, कागल.

१.२५
ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर छातीच्या दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावतात. उजवीकडे हवा कमी जाते आहे. त्या विचारतात, ‘तीन-चार दिवसांत काही खाताना ठसका लागला होता?’

कुणी बोलत नाही. मग आजी म्हणते, ‘दाणा खाताना. पर तो गेला की खाली.’

एवढ्या एका वाक्यासाठी दोन दिवस गेले.

१.५०
एक्स-रेत दाणा दिसत नाही. नाणं दिसतं, खिळा दिसतो, शेंगदाणा दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की उजवं फुप्फुस हवेने जास्त फुगलेलं आहे. हवा दाण्याच्या कडेने आत जाते, बाहेर येताना अडकते. एक्स-रे साफ दिसला तरी ठसक्याची हकीकत असेल तर दुर्बीण घालून पाहावीच लागते.

३.१५
वडील संमतीपत्रावर सही करतात. मूल शेवटचं कधी जेवलं, हेही भुलीआधी विचारलं जातं.

४.१०
पूर्ण भूल देऊन तोंडावाटे कडक नळीची दुर्बीण आत जाते. १८९७मध्ये जर्मनीत गुस्टाव्ह किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनळीतून हाडाचा तुकडा अशाच कडक नळीने काढला, तिथून ही विद्या सुरू झाली. या शस्त्रक्रियेत मुलाचा श्वास आणि डॉक्टरांचा चिमटा एकाच वाटेने ये-जा करतात. काही मिनिटं दोघांनाही थांबून थांबून काम करावं लागतं.

४.२२
पाकळी दिसते. फुगलेली, मऊ. चिमट्यात धरताच तुटते. पहिला तुकडा बाहेर येतो.

४.३१
दुसरा तुकडा. दोन्ही जोडून पाहिले तर पाकळी पुरी होत नाही. नळी पुन्हा आत.

४.५२
तिसरा तुकडा खालच्या फाट्यात सापडतो. भोवती पू आहे. पूही ओढून काढला जातो.

सकाळी ७.४०
पाच दिवस अँटिबायोटिक, आठवड्याने पुन्हा एक्स-रे. आई विचारते, जेवायला किती द्यायचं. डॉक्टर म्हणतात, दहापर्यंत काही नको, मग पाणी, मग पेज. ‘आणि किती ते त्याला ठरवू द्या.’

१०.३०
मुलगा पेजेचे चार चमचे घेतो आणि मान फिरवतो. आई चमचा खाली ठेवते. आजी विचारते, ‘एवढंच?’